बाटलीवरचे अक्षर आणि गोठ्यातले सत्य

दि. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. दूध, तूप, लोणी आदी पदार्थांच्या वेष्टनांवर 'ए-वन' व 'ए-टू' असे जे दावे छापले जातात ते दिशाभूल करणारे असून ते काढून टाकावेत, असे त्यात म्हटले होते. पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, संबंधितांशी अधिक विचारविनिमय करावयाचा असल्याचे सांगून प्राधिकरणाने तो आदेश मागे घेतला. आदेश निघाला तेव्हा अनेकांना तो देशी गाईवरचा आघात वाटला आणि तो मागे घेतला गेला तेव्हा त्यांनाच तो आपल्या भूमिकेचा विजय वाटला. वस्तुतः या पाच दिवसांत सिद्ध काहीच झाले नाही. कोणते दूध प्रकृतीला मानवते, कोणत्या दुधाने शरीरात दाह वाढतो आणि दही-ताकाचे या बाबतीत स्थान काय, हे ग्राहकाचे मूळ प्रश्न जिथल्या तिथेच राहिले.

या प्रश्नांची चर्चा करण्यास कोल्हापूरइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. दूध ही या नगरीची ओळख आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमींतून दूध, तूप व थंडाई यांवर मल्लांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून दिलेले फेसाळ दूध उभ्या उभ्या पिणे हा कोल्हापूरकराच्या अभिमानाचा विषय आहे. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसांनी सजवून गवळी बांधव आपल्या म्हशी मिरवतात, तेव्हा सारे शहर कौतुकाने रस्त्यावर येते. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच आपला 'गोकुळ', आणि तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला वारणेचा दूध उद्योग यांनी हेच दूध पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोहोचविले.

अशा या जिल्ह्यातही आज दुधाकडे संशयाने पाहणारे लोक वाढत आहेत. कोणाचे सांधे दुखतात, कोणाचे पोट फुगते, कोणाच्या त्वचेवर चट्टे उठतात. मग कोणी सांगतो, "दूध सोडा". कोणी सांगतो, "फक्त ए-टू घ्या". आणि ए-टूचे तूप म्हणून नेहमीच्या तुपाच्या तिप्पट-चौपट दराने बरणी घरात येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या ज्येष्ठाने किंवा लहान मुलांच्या आईने हा खर्च कशाच्या आधारावर करावयाचा, हे तिला कोणीतरी सरळ सांगण्याची आवश्यकता आहे.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. जखम झाली किंवा जंतूंचा शिरकाव झाला की शरीराच्या रक्षक पेशी त्या जागी धावून जातात. तेथे सूज येते, लाली येते, जागा तापते आणि दुखते. हा शरीराचा संरक्षक धर्म आहे. परंतु शत्रू नसतानाही हे युद्ध मंद आचेवर वर्षानुवर्षे चालू राहिले, तर त्याचा संबंध मधुमेह, हृदयविकार, संधिविकार अशा दुखण्यांशी जोडला जातो. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारख्या घटकांवरून वैद्यक या धुमसत्या दाहाचा अंदाज घेते. एखाद्या अन्नाने दाह वाढतो की घटतो, हे ठरवावयाचे तर अशा मोजमापावरूनच ठरवावे लागते. ऐकीव गोष्टी आणि जाहिराती यांचा तेथे उपयोग नाही.

आता ए-वन आणि ए-टू. दुधात बीटा-केसिन नावाचे एक प्रथिन असते. २०९ अमायनो आम्लांची ही साखळी. तिच्या ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ते ए-टू आणि हिस्टिडीन असेल तर ते ए-वन. भेद एवढाच, पण त्यामुळे पचनाच्या वेळी साखळी तुटण्याची जागा बदलते आणि ए-वन प्रथिनातून 'बीसीएम-७' नावाचा सात दुव्यांचा तुकडा अधिक प्रमाणात सुटतो. हा तुकडा आतड्यावर परिणाम करतो, असे अनेक संशोधकांचे मत आहे. हा ए-वन प्रकार मुख्यतः होल्स्टिन-फ्रिजियनसारख्या युरोपीय वंशाच्या गाईंत आढळतो. आपल्या देशी गोवंशात जवळपास सर्वत्र ए-टूच असल्याचे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले.

येथवरचे सारे खरे आहे आणि ते अभिमानाने सांगावे असेच आहे. पण त्यानंतर काय? कर्नालच्याच राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ए-वन प्रथिन दिलेल्या उंदरांच्या आतड्यांत दाहाची लक्षणे वाढलेली दिसली. २०१६ मध्ये चीनमध्ये दूध न पचण्याची तक्रार असलेल्या ४५ जणांवर प्रयोग झाला. त्यात केवळ ए-टू दूध घेणाऱ्यांना पोटाचा त्रास कमी झाला. मात्र त्या प्रयोगाचा खर्च ए-टू दूध विकणाऱ्या कंपनीनेच केला होता, हेही विसरता कामा नये. दुसऱ्या बाजूला युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, ए-वन दूध आणि मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार यांच्यात कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही. सारांश असा की, काही व्यक्तींच्या पोटाला ए-टू दूध अधिक मानवते, असे म्हणण्यास थोडा आधार आहे. ए-वन दूध हे विष आहे, असे म्हणण्यास नाही.

आणि कोल्हापूरकरांनी तर येथे थोडे थांबून हसावे अशी परिस्थिती आहे! कारण म्हशीच्या दुधात ए-वन नसतेच. कर्नालच्या त्याच अभ्यासात तपासलेल्या सर्व म्हशींत केवळ ए-टू प्रथिन आढळले. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यातील पंढरपुरी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या जे दूध देत आली, तालमीतल्या मल्लाने जे प्याले, आईने रात्री पोराच्या हाती ज्याचा पेला दिला, ते सारे ए-टूच होते. परदेशी शब्दाचा शिक्का मारून, महागड्या काचेच्या बाटलीतून आज जे विकले जाते, तोच गुण गल्लीतल्या गवळ्याच्या किटलीत आणि संघाच्या म्हैस दुधाच्या पिशवीत आधीपासून आहे. त्यासाठी वेगळी किंमत मोजण्याचे कारण नाही.

तुपाची गोष्ट तर याहून साधी आहे. ए-वन, ए-टू हा भेद प्रथिनाचा आहे. तूप म्हणजे शुद्ध स्निग्धांश. लोणी कढवताना प्रथिनाचा अंश बेरीच्या रूपाने खाली बसतो आणि आपण तो गाळून काढतो. ज्या पदार्थात ते प्रथिन जवळजवळ उरतच नाही, त्यावर त्या प्रथिनाचे नाव छापून दर वाढवणे याला व्यापार म्हणावे की फसवणूक? २०२४ च्या मागे घेतलेल्या आदेशातही नेमका हाच मुद्दा होता. आदेश परत गेला तरी हे सत्य परत जात नाही. देशी गाईचे तूप चवीसाठी घ्यावे, होमहवनासाठी घ्यावे, गोशाळेला हातभार म्हणून घ्यावे, आयुर्वेदावरील श्रद्धेने घ्यावे. ही सर्व कारणे प्रामाणिक आहेत. पण सांध्यांचा दाह शमविणारे 'ए-टू तूप' म्हणून ते घेऊ नये.

दूध पचत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या तक्रारींतही तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली तक्रार दुग्धशर्करेची. बालपण सरले की अनेकांच्या आतड्यांत ती शर्करा पचविणारे पाचकद्रव्य कमी होते. मग दूध प्याले की पोट फुगते, वात धरतो, जुलाब होतात. ही शर्करा गाईच्या, म्हशीच्या, ए-वन आणि ए-टू अशा सर्वच दुधात असते; म्हणून नुसता शिक्का बदलल्याने हा त्रास जात नाही. दुसरी तक्रार दुधाच्या प्रथिनाच्या ॲलर्जीची. ती प्रामुख्याने लहान मुलांत आढळते, कधी गंभीर रूप घेते, आणि तिच्यावर ए-टू दूध किंवा म्हशीचे दूध हा उपाय नव्हे. तेथे वैद्यकीय सल्ला अपरिहार्य आहे. तिसरी तक्रार बीसीएम-७ मुळे होणाऱ्या संभाव्य त्रासाची, जिची चर्चा वर झाली. ज्याला आपला त्रास कोणता हेच ठाऊक नाही, त्याला कोणीही कोणतेही औषध विकू शकतो.

मग सर्वसाधारण निरोगी माणसाच्या शरीरात दुधाने दाह वाढतो काय? २०१७ मध्ये ५२ चिकित्सालयीन प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, दुधाची ॲलर्जी असणारे लोक वगळले तर दुग्धजन्य पदार्थ दाह वाढवत नाहीत. उलट त्यांचा कल दाह किंचित कमी करण्याकडे दिसतो आणि आंबवलेल्या पदार्थांबाबत तो अधिक दिसतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी ज्या गटाला दहा आठवडे दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ भरपूर दिले गेले, त्यांच्या आतड्यांतील उपकारक जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचे रक्तातील प्रमाण घटले. हा प्रयोग लहान होता आणि त्यात दह्याखेरीज इतर पदार्थही होते, हे लक्षात ठेवूनच त्याचा अर्थ लावावा. परंतु दिशा स्पष्ट आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघराकडेच जाते.

ही दिशा प्रथम दाखविणारा पाश्चात्त्य शास्त्रज्ञ म्हणजे एली मेचनिकॉफ. शरीराच्या रक्षक पेशी जंतूंना गिळतात, हे त्याने शोधून काढले आणि दाहाच्या आधुनिक शास्त्राचा पाया घातला. १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हाच मेचनिकॉफ पुढे आंबवलेल्या दुधाचा मोठा पुरस्कर्ता झाला. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था परळला आहे, ते त्याचेच शिष्य. दाहाचा अभ्यासक दह्यापाशी येऊन पोहोचला, हा योगायोग नव्हे.

आपल्याकडे मात्र ही चर्चा त्याहून कितीतरी शतके आधी आणि अधिक बारकाईने झाली आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त दही आणि ताक यांचे गुण वेगवेगळे सांगितले. दही गुरू, उष्ण, कफ-पित्त वाढविणारे आणि शोफ, म्हणजे सूज, उत्पन्न करणारे. तर ताक लघू, अग्नी प्रदीप्त करणारे आणि शोफ, उदर, मूळव्याध, ग्रहणी या विकारांत हितकर. दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, हा दंडक चरकाचाही आणि वाग्भटाचाही. अर्धवट लागलेले दही, ज्याला 'मंदक' म्हणतात, ते तर तिन्ही दोषांना प्रकोपक मानले आहे. ग्रंथातील शोफ आणि आजच्या प्रयोगशाळेतील दाह या एकच गोष्टी आहेत, असा अट्टहास आम्ही करणार नाही. तसा अट्टहास आयुर्वेदालाही न्याय देत नाही आणि विज्ञानालाही. पण दूध, दही आणि ताक एकाच मापाने मोजू नयेत, ही दृष्टी आपल्या पूर्वजांजवळ होती आणि ती आजही उपयोगी आहे.

ताकाची महती आजच्या भाषेतही सांगता येते. विरजण लावले की जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग खाऊन त्याचे आम्ल करतात. त्यामुळे शर्करा घटते आणि जिवंत जिवाणू उरलेली शर्करा पचविण्यास आतड्यात साहाय्य करतात. म्हणूनच दूध न सोसणाऱ्या कित्येकांना दही-ताक सोसते. जिवंत विरजण असलेल्या दह्याचा हा गुण युरोपीय प्राधिकरणानेही २०१० मध्ये मान्य केला. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. दही घुसळून लोणी काढले की तोही मोठ्या प्रमाणात वेगळा होतो. हृदयविकाराच्या रुग्णाला जे दूध जड, त्याच दुधाचे लोणी काढलेले ताक हलके. विरजण, रवी आणि लोण्याचा गोळा यांनी आपल्या आज्यांनी जे साधले, त्याला कोणत्याही कंपनीचा परवाना लागत नव्हता.

पण येथे एक सावधगिरीही हवी. बाजारातील गोड 'योगर्ट', रंगीत लस्सी आणि श्रीखंड यांना या गुणांचे श्रेय देऊ नये. त्यांतील साखर दह्याचा लाभ झाकोळून टाकते. महिनोन्‌महिने टिकणारे खोक्यातील ताक बहुधा उष्णतेची प्रक्रिया करून टिकविलेले असते. त्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. ताजे, घरी लावलेले, पूर्ण लागलेले आणि फार आंबट न झालेले दही हेच खरे.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे वळू. दुधातून दाह खरोखर कोठून येऊ शकतो, याचा शोध प्रथिनाच्या ६७ व्या जागेपेक्षा गोठ्यात घेतला पाहिजे. कासेला सूज आली, ज्याला शेतकरी 'दगडी' म्हणतो, की त्या जनावराचे दूध रोगट पेशींनी आणि जंतूंनी बिघडते. उपचारासाठी प्रतिजैविके दिली आणि ठरलेले दिवस न पाळता दूध डेअरीत घातले, तर ती औषधे पेल्यापर्यंत येतात. बुरशी लागलेली पेंड किंवा ओला कडबा खाऊ घातला की त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते. 'ब्रुसेला' या जंतूने बाधित जनावराचे कच्चे दूध प्याल्यास माणसाला वारंवार ताप येतो, सांधे आणि पाठ धरते. दाहाचे याहून खरे उदाहरण कोणते असणार? म्हणूनच धारोष्ण दुधाची थोरवी ग्रंथांत असली आणि दूध कट्ट्याची परंपरा आपल्याला प्रिय असली, तरी ज्या जनावराची तपासणी आणि लसीकरण यांची खात्री नाही, त्याचे दूध उकळूनच प्यावे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. परंपरा टिकवावयाची तर म्हैस तपासलेली असावी. गवळ्याने तिचे आरोग्यपत्र कट्ट्यावर अभिमानाने लावावे. त्याने कट्ट्याची शोभा वाढेलच.

या बाबतीत आकडेही बोलके आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे घातक ठरलेले नमुने अवघे १२ निघाले. पण अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा अधिक असलेले ३६८ आणि प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर असलेले ७७ निघाले. म्हणजे ज्या भेसळीची आपण रोज भीती बाळगतो तिच्यापेक्षा चाऱ्यातील बुरशी कितीतरी अधिक ठिकाणी दुधात उतरली होती. तिच्याविषयी ना जाहिरातीत शब्द, ना ग्राहकाच्या तोंडी प्रश्न.

याची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. गावच्या दूध संस्थेत त्याला दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर. त्याच्या गोठ्याची स्वच्छता, कोरडा ठेवलेला चारा, उपचारानंतर पाळलेले दिवस यांची किंमत त्या पावतीत उमटत नाही. पहाटे चार वाजता उठून धार काढणाऱ्या माउलीच्या कष्टाला जर केवळ फॅटचे माप लावले, तर तिने पेंड वाळविण्यासाठी वेगळे श्रम कशासाठी घ्यावेत? सहकाराची ताकद येथेच दिसली पाहिजे. 'गोकुळ'सारखा संघ दररोज १५ लाख लिटरच्या आसपास दूध हाताळतो. अशा संघांनी निर्मळ दुधाला वाढीव दर, गावपातळीवर अफ्लाटॉक्सिन आणि प्रतिजैविकांच्या चाचण्या, आणि पिशवीवर त्या चाचण्यांचा उल्लेख एवढे जरी निर्धाराने केले, तरी 'ए-टू'च्या शिक्क्यापेक्षा तो शिक्का शतपटींनी मोलाचा ठरेल. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकत आणि ब्रुसेलोसिस यांच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस टोचून घेणे हा त्याचा एक भाग आहे. आपल्या गावातील किती कालवडींना आणि पारड्यांना ही लस मिळाली, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

राहता राहिला देशी गाईचा प्रश्न. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' हा दर्जा दिला. तिचे स्थान आमच्या अंतःकरणात त्या निर्णयाच्या आधीपासून आहे. म्हणूनच हे लिहिणे आम्हाला अधिक आवश्यक वाटते. गोमातेचा सन्मान जर एका अपुऱ्या सिद्धांतावर उभा केला, तर उद्या तो सिद्धांत कोसळताच सन्मानालाही तडा जाईल. आजवर आपण तिला माता म्हटले ते तिच्या बीटा-केसिनची चाचणी करून नव्हे. तिच्या संवर्धनाची खरी कारणे पुष्कळ आहेत: उन्हाळा सोसण्याची तिची शक्ती, थोड्या चाऱ्यावर तग धरण्याची चिवट वृत्ती, रोगांना तोंड देण्याची क्षमता, शेणखताने जमिनीला मिळणारा कस. खिल्लार बैलाने माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंतची शेती शतकानुशतके ओढली. ती आनुवंशिक संपदा एकदा हरवली तर कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा घडविता येणार नाही.

आणि संकरित गाईचा द्वेषही करू नये. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था उभी केली आणि संकरित गोपालनाचे कार्य खेडोपाडी नेले, तेव्हा त्यांच्यासमोर कोरडवाहू शेतकऱ्याचे दारिद्र्य होते. त्या गाईच्या दुधाने अनेक घरांत शाळेची फी भरली गेली, लेकीची लग्ने पार पडली. तिचे दूध आजही कोट्यवधी लोक पितात आणि ते पिऊन धडधाकट आहेत. तिला 'विषारी' ठरविणे म्हणजे आपल्याच शेतकरी बांधवाच्या ताटातील घास हिरावणे होय. देशी वंश वाढवावा तो त्याच्या गुणांवर; दुसऱ्याच्या बदनामीवर नव्हे.

तेव्हा घरच्या गृहिणीने करावयाचे ते असे. दूध ज्या गोठ्यातून किंवा ज्या संघातून येते त्याची माहिती घ्यावी. ते ताजे असावे आणि उकळून घ्यावे. पोटास न मानवल्यास दोन आठवडे दुधाऐवजी ताजे ताक घेऊन पाहावे आणि फरक लिहून ठेवावा. गाईच्या दुधाने त्रास होतो असे वाटले, तर महागड्या बाटलीकडे वळण्यापूर्वी म्हशीचे दूध, साय काढून, घेऊन पाहावे. दही दिवसा खावे, पूर्ण लागलेले खावे आणि गोड पदार्थांची गणना दह्यात करू नये. सांधेदुखी, सततचा ताप, मुलांच्या अंगावर उठणारे चट्टे यांसाठी दूध बदलत बसू नये, वैद्याकडे जावे. तूप जे परवडेल ते, शुद्ध आणि मर्यादेत.

आपल्या आहारपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांवर तिच्याविषयी खरे बोलण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे. कारण आपल्या नावावर खपणाऱ्या असत्याची किंमत शेवटी परंपरेलाच मोजावी लागते. कोल्हापूरच्या दुधाची कीर्ती कोणत्याही इंग्रजी अक्षराच्या आधाराने झालेली नाही. ती सकस चारा, निरोगी जनावर आणि प्रामाणिक माप यांनी झाली. ती राखावयाची तर ग्राहकाने, दुकानात असो वा दूध संस्थेच्या सभेत, प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे: या जनावराने खाल्ले काय, ते निरोगी आहे काय, आणि याची तपासणी कोणी केली? या तीन प्रश्नांची उत्तरे जो देईल, त्याचेच दूध घ्यावे. मग बाटलीवर कोणते अक्षर आहे, हे पाहण्याची गरज उरणार नाही.